पावलांची वीज दिव्यांसाठी नको, गर्दी मोजायला वापरा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सिंहस्थ तोंडावर आला की नाशिककरांना नवनव्या कल्पना सुचतात आणि त्यात वाईट काही नाही. पण सध्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. रामकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर विशिष्ट स्फटिकांच्या फरश्या बसवायच्या, लाखो भाविक त्यांवरून चालतील, त्यांच्या पावलांच्या दाबातून वीज तयार होईल आणि त्या विजेवर अख्खी पंचवटी उजळेल, असं त्यात ठासून सांगितलंय. शेजारचे शिकलेसवरलेले लोकही "महापालिकेने हे करायलाच पाहिजे" म्हणू लागले, तेव्हा हे पत्र लिहायला घेतलं.

मी मेन रोडलगतच्या एका गल्लीत घड्याळं दुरुस्त करतो. हाच धंदा वडिलांचा होता. त्यांच्या हातात चावीची घड्याळं जास्त असत, माझ्याकडे येतात त्यातली बहुतेक सेलवरची. म्हणजे ज्या स्फटिकाबद्दल हा व्हिडिओ बोलतो त्याचाच भाऊबंद रोज माझ्या चिमट्यात असतो. दाबल्यावर स्फटिकातून वीज निघते, हे शंभर टक्के खरं आहे. त्या विजेवर पंचवटी उजळेल, हे मात्र खरं नाही. आणि ती वीज सिंहस्थात ज्या कामाला खरोखर उपयोगी पडू शकते, त्या कामाचं कुणी नावच काढत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आधी ही वीज येते कुठून ते सांगतो. स्वयंपाकघरातला गॅस लायटर घ्या. त्यात सेल नसतो, वायर नसते, तरी वर्षानुवर्षं ठिणगी पडते. बंद पडलेला एखादा लायटर मी मुलांना दाखवायला उघडून ठेवलाय. नळीच्या आत एक दणकट स्प्रिंग असते, तिच्यापुढे छोटा लोखंडी हातोडा आणि त्याच्यापुढे करड्या रंगाची, करंगळीच्या नखापेक्षा लहान अशी एक कांडी. बटण हळूहळू दाबत न्या, काहीच होत नाही. स्प्रिंग फक्त आवळत जाते. शेवटी खाच सुटते, हातोडा कांडीवर आदळतो आणि "टक" आवाजाबरोबर टोकाला निळसर ठिणगी उडते. त्या क्षणी कांडीच्या दोन टोकांत दहा हजार व्होल्टच्या आसपास विद्युतदाब तयार झालेला असतो. म्हणून तर मधली काही मिलिमीटर हवा फोडून वीज पलीकडे उडी मारते. (लायटर ठिणगी देईनासा झाला तर लगेच फेकू नका. बऱ्याचदा कांडी ठणठणीत असते, टोकाला तेलकट काजळी आणि ओल धरलेली असते. कोरड्या फडक्याने पुसून पाहा.)

चकमकीची ठिणगी वेगळी, हे इथेच सांगून टाकतो, कारण दोन्हींची गल्लत फार होते. चकमक झाडताना पोलादाचा बारीक कण खरवडून निघतो आणि तापून जळतो. तिथे विजेचा संबंध नाही.

लायटरमधली कांडी शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांची, भट्टीत भाजून केलेली. पण ही करामत आधी सापडली ती निसर्गातल्या स्फटिकांत. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी क्वार्ट्झ, तुरमळी, पुष्कराज असे स्फटिक ठरावीक दिशेने कापले, त्यांवर वजनं ठेवली आणि पृष्ठभागावर येणारा विद्युतभार मोजला. पिएर तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. त्यांच्या यादीत उसाच्या साखरेचा स्फटिकही होता. म्हणजे आपण देवळातून प्रसाद म्हणून आणतो त्या खडीसाखरेच्या खड्यातही हा गुण आहे. मिठाच्या खड्यात मात्र नाही, कितीही दाबा.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक स्फटिकात अणू रांगेने, ठरलेल्या नक्षीत बसलेले असतात. काही अणूंकडे धन भार, काहींकडे ऋण. मिठात ही नक्षी मध्यबिंदूभोवती इतकी सारखी असते की दाबल्यावर सगळं एकसारखं सरकतं आणि धन-ऋणाचा तोल जिथल्या तिथे राहतो. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. त्याच्या नक्षीला असा मध्यबिंदू नाही. दाब पडला की धन भारांचं केंद्र एका बाजूला आणि ऋण भारांचं दुसऱ्या बाजूला किंचित ढळतं, स्फटिकाचा एक पृष्ठभाग धन होतो, समोरचा ऋण. दाब काढला की तोल परत जागेवर. ओढलं तर भार उलटे होतात. स्फटिकांचे एकूण ३२ वर्ग मानतात, त्यांपैकी २० वर्गांतच हा गुण असू शकतो. यात काही झिजत नाही, संपत नाही, जळत नाही, आणि म्हणूनच व्हिडिओवाल्यांना वाटतं की फुकट वीज सापडली.

आता हिशोब करू. पाचवीतल्या मुलालाही पडताळता येईल इतका तो सोपा आहे.

साठ किलोचा माणूस फरशीवर पाय ठेवतो. फरशी ५ मिलिमीटर खाली दबली असं धरू, आणि एवढी दबणारी फरशी पायाला चांगलीच जाणवते. वजन गुणिले अंतर केलं की एका पावलातून मिळू शकणारी जास्तीत जास्त ऊर्जा येते साधारण ३ ज्यूल. त्यातला कणही वाया गेला नाही असं समजलं तरी ९ वॉटचा एलईडी दिवा त्यावर सेकंदाचा एक तृतीयांश भाग जळेल. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे एका युनिटला १२ लाख पावलं. दहा लाख भाविक आले आणि प्रत्येकाने अशा बारा फरश्यांवर पाय दिला, तर सगळे मिळून १० युनिट. घरातला २ किलोवॉटचा गीझर पाच तासांत तेवढी वीज खातो. आपल्याकडच्या उन्हात छतावरचं १ किलोवॉटचं सोलर पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे त्या दहा लाख माणसांची कमाई ते अडीच दिवसांत करून मोकळं होतं.

हा झाला सर्वांत उदार हिशोब. प्रत्यक्षात स्फटिक किंवा भाजलेली कांडी ५ मिलिमीटर दबतच नाही. ती फार कडक असते, माणसाच्या वजनाखाली ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासच दबते. मग तीन ज्यूल विसरा, गोष्ट मिलिज्यूलवर येते. लायटरच्या ठिणगीतली ऊर्जाही अशीच एखाद-दुसऱ्या मिलिज्यूलची असते. गॅस पेटवायला तेवढी पुरते, कारण गॅसच्या आणि हवेच्या मिश्रणाला त्याहून कमी ऊर्जाही चालते. पण तोच ९ वॉटचा दिवा तेवता ठेवायचा तर दर सेकंदाला अशा हजारो ठिणग्या लागतील. व्होल्ट दहा हजार आहेत हे ऐकून माणूस दिपून जातो, पण तिथे विद्युतभार इतका कमी असतो की विद्युतदाब मोठा असूनही पदरात काही पडत नाही.

टोकियो स्टेशनवर जपानच्या रेल्वे कंपनीने २००६ आणि २००८ साली तिकीट फाटकांपाशी अशी जमीन करून पाहिली होती. इतकी वर्दळ, इतकी शिस्त आणि पैशाला कमी नाही, तरी जगातली स्टेशनं आज पावलांवर चालत नाहीत.

आणखी दोन गोष्टी मला टोचतात. पहिली म्हणजे ही वीज फुकट नाही. दबणाऱ्या फरशीवरून चालताना ती ऊर्जा चालणाऱ्याच्या पायांतून जाते. सिंहस्थात खेड्यापाड्यांतून म्हातारीकोतारी माणसं येतात, गाडी लांब थांबवलेली असते, डोक्यावर गाठोडं, बरेच जण अनवाणी. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांखाली हलणारी जमीन घालून आपण काय मिळवणार? ओल्या घाटावर तर पाय मुरगळायची भीती. दुसरी गोष्ट शिशाची. लायटरमधल्या त्या कांडीत वजनाने निम्म्याहून जास्त शिसं असतं. एका लायटरमध्ये चिमूटभर, ठीक आहे. पण रस्तेच्या रस्ते अशा फरश्यांनी मढवले, ऑगस्टच्या पावसात त्यांची बांधणी फुटली आणि मेळ्यानंतर तो ढीग कुठेतरी टाकून दिला, तर गोदावरीच्या काठावर शिसं पसरवण्याचं पाप आपल्या माथी येईल. ओल धरली की स्फटिकावरचा भार झिरपून जातो, म्हणजे पावसाळ्यात वीज तशीही मिळायची नाही.

मग हा गुण कशाला उपयोगी? खूप कशाला. फक्त उलट बाजूने पाहायला हवं. स्फटिक देतो ती वीज थोडी असते, पण अतिशय प्रामाणिक असते. जेवढा दाब, तेवढाच भार. दुप्पट दाबा, दुप्पट येतो. म्हणून दीडशे वर्षं जाणत्या माणसांनी तिचा वापर दिवे लावायला केला नाही, मोजायला केला. मारी क्युरींनी युरेनियमच्या किरणांचं मोजमाप केलं ते याच क्वार्ट्झवर. क्वार्ट्झच्या पातळ पट्टीला वजन टांगायचं, ताणामुळे ठाऊक असलेला भार तयार होतो, आणि किरणांमुळे हवेतून वाहणारा अगदी क्षीण प्रवाह त्याच्याशी तोलून पाहायचा. १८९८ साली पोलोनियम आणि रेडियमचा माग लागला तो या तोलण्यातून. पिएरचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात क्वार्ट्झ पोलादी पट्ट्यांमध्ये बसवून पाण्याखाली ध्वनी सोडला आणि पाणबुडीवरून येणारा प्रतिध्वनी टिपला. आज गरोदर बाईच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरतो, त्यातही तेच घडतं. विजेने कांडी थरथरते, ध्वनी आत जातो, परत आलेला ध्वनी कांडीला दाबतो आणि त्या दाबाची वीज पडद्यावर बाळ दाखवते.

विजेने स्फटिक थरथरतो हा उलटा गुण. १८८१ मध्ये गाब्रिएल लिपमन यांनी तो आधी गणिताने मांडला आणि त्याच वर्षी क्युरी बंधूंनी करून दाखवला. माझं पोट त्यावर चालतं. सेलच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की सर्किटच्या कडेला तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी, चांदीसारखी चकचकीत नळी दिसते. आम्ही तिला नुसतं "क्रिस्टल" म्हणतो. आत निर्वात पोकळीत क्वार्ट्झचा दोन बोटांचा चिमुकला चिमटा असतो. सेलच्या दीड व्होल्टवर तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तो आकडा मुद्दाम निवडलाय, कारण त्याचे पंधरा वेळा निम्मे निम्मे केले की बरोबर १ उरतो, आणि सेकंदाला एकदा कॉइलला धक्का मिळून काटा पुढे सरकतो. क्वार्ट्झवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ सेको कंपनीने १९६९ च्या नाताळात टोकियोत विकायला काढलं. गिऱ्हाईक सांगतं, "पडलं फक्त, काच पण फुटली नाही, तरी बंद." सेल चांगला, कॉइल चांगली, काटे मोकळे. क्रिस्टल बदलला की घड्याळ चालू. आतला चिमटा पडताना मोडलेला असतो, बाहेरून नळीला ओरखडाही नसतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले लोक माझ्याकडे येतात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या मोटरच्या बेअरिंगवर स्फटिकाचा सेन्सर चिकटवून ते थरथर ऐकतात आणि बेअरिंग निकामी होण्याआधी काही आठवडे त्यांना कळतं. गाडीच्या इंजिनात ठोका पडतोय का, हेही असाच सेन्सर सांगतो.

आता सिंहस्थाकडे येतो. २७ ऑगस्ट २००३ हा दिवस जुन्या नाशिकच्या माणसाला विसरता येत नाही. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जीव गेले. गर्दी किती आहे त्यापेक्षा कुठल्या गल्लीत किती शिरतेय आणि तिथून किती बाहेर पडतेय, हे त्या मिनिटाला कळणं महत्त्वाचं असतं. पावलांची वीज नेमकं हेच सांगू शकते. परदेशात रस्त्याच्या डांबरात अशा पट्ट्या पुरून वाहनं मोजतात, चाक गेलं की विजेचा एक ठोका मिळतो. ठरावीक अंतरावर दोन पट्ट्या असल्या की वेग आणि दिशाही कळते. क्वार्ट्झच्या पट्ट्यांवर तर चालत्या ट्रकचं वजनही घेतात. माणसांसाठी जड फरश्यांची गरजच नाही. पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकची पातळ फिल्म मिळते, तिच्यातही हा गुण आहे आणि शिसं अजिबात नाही. अरुंद गल्लीच्या तोंडाशी आणि शेवटाला रबरी पट्टीत बंद करून ती आडवी टाकली, तर जमीन हलत नाही, ठेच लागत नाही, आणि पावलांचे ठोके नियंत्रण कक्षात दिसत राहतात.

दाटीत पावलं एकमेकांत मिसळतात, त्यामुळे माणसांचा नेमका आकडा यातून मिळणार नाही, हे मान्य. स्फटिक फक्त दाबातला बदल सांगतो. माणूस एका जागी उभा राहिला की भार हळूहळू झिरपतो आणि पट्टी गप्प होते. बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा यावर चालत नाही तो त्यामुळेच, त्याची जात वेगळी. पण गर्दीच्या बाबतीत मला यातच फायदा दिसतो. गल्लीच्या तोंडाशी ठोके चालू आहेत आणि शेवटाची पट्टी गप्प होत चाललीय, याचा अर्थ आत माणसं अडकून उभी राहिलीत. तिथे तोंडाशी ताबडतोब थांबवायला हवं. कॅमेरे लागणारच आहेत, लागावेतही. पण ऑगस्टच्या पावसात हजारो छत्र्या उघडल्या की कॅमेऱ्याला वरून माणसं दिसत नाहीत, जमिनीवरच्या पट्टीला छत्र्यांचा अडथळा नाही. बॅरिकेडवरचा सततचा रेटा मोजायचा तर त्यासाठी लोडसेल, म्हणजे सततचा दाब मोजणारे सेन्सर, वेगळे लावावे लागतील.

नाशिकमध्ये इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना हातात घेण्यासारखं हे काम आहे. २०२७ च्या स्नानांआधी एखाद्या मोठ्या मिरवणुकीत, गणेश विसर्जनाला म्हणा, एकाच गल्लीत दोन पट्ट्या टाकून पाहाव्यात. जे दिसेल ते जाहीर करावं, जमलं नाही तर तेही. महापालिकेने फरश्यांच्या निविदेचा विचार कुठे चालवला असेलच, तर आधी पुरवठादाराकडून एका पावलाला किती ज्यूल आणि एका युनिटला किती रुपये, एवढं लेखी घ्यावं.

शेवटी आपल्या मातीची एक गोष्ट सांगायची राहिली. हे क्युरी, क्वार्ट्झ, सगळं कुठेतरी लांबचं आहे असं मुलांना वाटतं. नाशिक जिल्ह्याचा काळा दगड फोडला की त्यातल्या पोकळ्यांत पांढऱ्या सुयांचे झुबके सापडतात. स्कोलेसाइट म्हणतात त्याला, आणि नाशिकचा स्कोलेसाइट जगभरातले खनिजवेडे जपून ठेवतात. त्याच्या नक्षीलाही मध्यबिंदू नाही, म्हणजे दाबल्यावर वीज देणाऱ्या जातीतलाच तो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने काचेमागे मांडलेले आहेत. शाळांच्या सहली तिथे जातात. तिथे नुसतं नाव वाचून पुढे जाण्याऐवजी शिक्षकांनी हा गुण मुलांना सांगितला तर ती त्या कपाटापुढून हलणार नाहीत.

प्रयोगाला खर्चही नाही. गजर वाजवणाऱ्या जुन्या डिजिटल घड्याळाच्या झाकणाला आतून पितळी चकती चिकटवलेली असते. तिच्यावरच्या पांढऱ्या थराला एक वायर आणि पितळेला दुसरी वायर जोडायची, टोकाला लहान लाल एलईडी लावायचा आणि अंधाऱ्या खोलीत चकतीवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टिचकी मारायची. एलईडी क्षणभर लुकलुकतो. नाही लुकलुकला तर वायरी उलट करून पाहायच्या. चकती थोडी मोठी मिळाली तर आणखी छान दिसतं. मोडीत निघालेल्या घड्याळांतल्या अशा चकत्या माझ्याकडे डबाभर आहेत. शाळेचं पत्र घेऊन कुणी शिक्षक आले तर मी त्या विनामूल्य देईन आणि वायर डागून देईन. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही यावं, तेव्हा दुकान बंद असतं.

आपला,
एक घड्याळ दुरुस्ती करणारा,
मेन रोड परिसर, नाशिक